चि. ताईस : लिहून घेणाऱ्यांविषयी

जळगाव

चि. ताईस अनेक शुभाशीर्वाद.

रविवार पुरवणीसाठी खानदेशातील दिवंगत कवी-कलावंतांवर लिहिण्याचे काम तुझ्याकडे आले, हे वाचून तुझ्या आईला आणि मला फार आनंद झाला. तू पाठवलेले बालकवींवरचे टिपण मी दोनदा वाचले. भाषा स्वच्छ आहे, सनावळी बरोबर आहे. परंतु मजकुराचा निम्म्याहून अधिक भाग भादली स्थानकावरच्या त्या रेल्वे अपघाताने व्यापला आहे, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो.

भुसावळच्या नोकरीपायी मी अठ्ठावीस वर्षे अप-डाउन केले, त्यामुळे भादली रोज खिडकीतून दिसायची. डब्यात कोणी नवखा असला की शेजारचा हमखास सांगे, "बालकवी इथंच गेले." कविता मात्र त्या अठ्ठावीस वर्षांत एकानेही म्हणून दाखवली नाही, आणि मीही दाखवली नाही. 5 मे 1918 ही तारीख लिहावीच लागेल, ते अवघे 27 वर्षांचे होते हेही लिहावे लागेल. पण धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाला 1907 साली आपल्याच जळगावच्या कविसंमेलनात कर्नल कीर्तिकरांनी 'बालकवी' ही पदवी दिली, तेव्हा तो पुरता सतरा वर्षांचाही नव्हता, आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्याने 'औदुंबर'सारखी आठ ओळींची कविता लिहून ठेवली, जिचा अर्थ लावताना मराठी समीक्षक अजून थकलेले नाहीत, हे त्या तारखेच्या आधी यायला हवे. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढून वाच. नगरला लक्ष्मीबाई आणि रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिलेले ठोंबरे त्यात आहेत. रुसणारे, घरात मुलासारखे वावरणारे. रुळांवर संपलेला माणूस त्या घरात कसा राहत होता, हे आपल्याला कळते ते एका बाईने ते मनात जपले आणि कागदावर उतरवले म्हणून.

मला तुला मुख्यतः याच लिहून ठेवणाऱ्यांविषयी सांगायचे आहे. बहिणाबाईंचेच बघ. असोद्याची लेक, जळगावच्या चौधरी वाड्यातली सून, तिसाव्या वर्षी वैधव्य आले, अक्षरओळख नाही. इतके सगळेजण सांगतात आणि मग त्यांच्या निरक्षरपणाचे नवल करीत बसतात. मला नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. जात्यावर आणि शेतात काम करता करता त्यांच्या तोंडून जे बाहेर पडे, ते मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी वेळोवेळी टिपून घेतले. घरातली बाई दळताना गाते, यात त्या काळी कोणाला काय विशेष वाटणार? ते टिपण्याजोगे आहे असे या दोघांना वाटले. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांपर्यंत पोहोचली, त्यांनी ती छापण्याचा आग्रह धरला, प्रस्तावना लिहिली आणि 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' महाराष्ट्राच्या हाती आली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्या दोन मुलांनी आळस केला असता, तर चौधरी वाड्याबाहेर त्यांचे नावही कोणाला ठाऊक झाले नसते.

स्मिता पाटील यांच्यावर तू पुढच्या महिन्यात लिहिणार आहेस. त्यांचा जन्म पुण्याचा, पण वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, म्हणून आपल्याकडे त्यांना घरची लेकच मानतात. 13 डिसेंबर 1986 रोजी, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत, 31व्या वर्षी त्या गेल्या. ही हळहळ खरी आहे, माझ्या पिढीने ती अनुभवली आहे. तरीही तू सुरुवात 'भूमिका'पासून कर. 1977 सालच्या या चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो चित्रपट उभा आहे हंसा वाडकर या आधीच्या पिढीतल्या अभिनेत्रीच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर. हंसाबाईंनी सांगितले, अरुण साधूंनी शब्दांकन केले, आणि काही वर्षांनी दुसऱ्या एका नटीने ते आयुष्य पडद्यावर जगून दाखवले. तिघेही आज नाहीत. इथेही बोलणाऱ्यासमोर कोणीतरी कागद घेऊन बसले होते, हे तुझ्या लक्षात येईलच.

आता माझ्या हातून राहिलेली गोष्ट सांगतो. ती मी आजवर तुझ्या आईखेरीज कोणाजवळ बोललो नाही. तुला फुई, म्हणजे आत्या, धूसर आठवत असेल. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई देवी बसली की ती रात्रभर गायची, आणि रोटांसाठी गहू दळतानाही तिचे गाणे चालूच असायचे. जात्यात धान्याची वैरण घालताना ओळ मध्येच तुटायची, मूठ रिकामी झाली की त्याच सुरावर ती पुढे उचलायची, आणि खुंट्याला दुसरा हात लावणारी बाई तेवढा वेळ गप्प राहून तिची वाट पाहायची. अहिराणीतली ती गाणी तिने तिच्या सासूकडून घेतली होती. मी पगारातून पैसे साठवून टेपरेकॉर्डर आणला, त्यावर चित्रपटांची गाणी भरली, शेजाऱ्यांच्या लग्नातली मंगलाष्टकेसुद्धा भरली, आणि फुईचे गाणे दरवर्षी पुढच्या श्रावणावर ढकलत राहिलो. पाचव्या की सहाव्या श्रावणाच्या आधी ती गेली. चाल मला आजही येते. शब्द पहिल्या दोन कडव्यांचेच आठवतात, आणि त्यातलाही एक शब्द माझा मी घातलेला आहे की तिचा आहे, याची आता खात्री करून घ्यायला कोणी उरलेले नाही.

म्हणून तुझ्या सदरात नामवंतांच्या बरोबरीने वहीगायन या आपल्या खानदेशी लोकगायनातला एखादा डफवाला, एखादी कानबाईची गाणी म्हणणारी म्हातारी येऊ दे, असा माझा आग्रह आहे. तुझे संपादक कदाचित म्हणतील की वाचकांना ही नावे माहीत नाहीत. तेव्हा त्यांना बहिणाबाईंची 1951पर्यंतची ओळख काय होती, ते विचार.

तुझ्या पणजोबांच्या वहीगायन मंडळाची चोपडी माझ्याकडे आहे. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, शाई फिकी झाली आहे, पण पाने जाग्यावर आहेत. त्यातली अकरा मी स्वच्छ अक्षरात उतरवून काढली आहेत. शब्द आहेत, चाल नाही. चाल येणारे आता एकटे धुळ्याचे मोठे काका राहिले आहेत. त्यांची दृष्टी गेली आहे, आवाज मात्र शाबूत आहे, आणि सकाळी चहानंतर तासभर ते नीट बोलतात. मी त्यांना तुझ्याविषयी सांगून ठेवले आहे. दिवाळीची वाट पाहू नकोस, येत्या शनिवारी निघ. मी तुला धुळ्याच्या स्टँडवर चोपडी घेऊन भेटतो.

तुझे
नाना