आग्र्याची सहल दुकानांत संपू नये

महोदय,
दिवाळीच्या सुट्टीत बेळगाव-खानापूरकडची बरीच कुटुंबे उत्तरेत जातात आणि दिल्लीहून एका दिवसात आग्रा करून येतात. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, एवढे तरी आधी पाहावे. आमच्या गाइडने दुपार संगमरवराच्या दुकानांत घालवली आणि यमुनेपलीकडची इतमाद-उद-दौलाची कबर गाळली. नूरजहाँने वडिलांसाठी १६२२ ते १६२८ या काळात बांधवून घेतलेली ही वास्तू. संगमरवरात रंगीत दगड बसवण्याची कला ताजच्या आधी इथे बहरलेली दिसते. आणि आग्र्याचा किल्ला! १६६६ साली शिवराय औरंगजेबाच्या दरबारात ताठ मानेने उभे राहिले ते याच ठिकाणी. तिथे मराठी माणसाला जेमतेम अर्धा तास? सहल कंपन्यांनी प्रत्येक ठिकाणचा वेळ लेखी द्यावा; पैसे भरण्यापूर्वी आपणही तो मागून घ्यावा.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव