फेलोशिपची तारीख कोण पाळणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विज्ञान दिनाच्या आपल्या पुरवणीत तरुणांनी मूलभूत संशोधनाकडे वळावं, असं कळकळीचं आवाहन होतं. मी वळले आहे. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून गेली तीन वर्षं एका विद्यापीठाच्या मेंदूविज्ञानाच्या लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट आहे. त्या लेखात एक गोष्ट राहून गेली: आमची फेलोशिप, म्हणजे महिन्याचं मानधन, वेळेवर मिळत नाही. म्हणून हे पत्र.

आमची लॅब स्मरणशक्तीवर काम करते. एक मोठी गोल टाकी, त्यात बिनविषारी काळा रंग कालवून गढूळ केलेलं पाणी आणि पृष्ठभागाखाली जेमतेम दीड सेंटीमीटरवर दडलेला छोटा चौथरा. आमचे उंदीर पांढरे, विस्टार जातीचे. काळ्या पाण्यात वरच्या कॅमेऱ्याला स्पष्ट दिसतात. पहिल्या दिवशी उंदीर कडेकडेने नुसता पोहत राहतो. साठ सेकंद संपले तरी चौथरा सापडत नाही, मग हाताने तिथे नेऊन बसवायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी तोच उंदीर खोलीच्या भिंतींवरच्या खुणा बघत दहा सेकंदांच्या आत सरळ चौथऱ्यावर जातो. हे मी पहिल्यांदा बघितलं, त्या संध्याकाळी कराडला आईला फोन करून सांगितलं होतं. आठवण तयार होताना डोळ्यांनी बघितली, दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगू?

चाचणी झाली की उंदीर पंचाने पुसून दिव्याच्या उबेला ठेवायचा. हे सगळं रोज त्याच वेळी, त्याच माणसाने करायचं. उंदराला हात ओळखीचा लागतो, वास ओळखीचा लागतो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवला तरी उंदरांवरचा ताण वाढतो. मी तर अंगाचा साबणसुद्धा बदलत नाही. बॅच चालू असली की रविवार नाही, गणपतीला गावी जाणं नाही. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. काम समजून उमजून घेतलं आहे.

तक्रार वेगळी आहे. गेल्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर आम्हा दोघा असिस्टंटच्या खात्यात एक रुपया जमा झाला नाही. प्रकल्प मंजूर होता, नेमणुकीची पत्रं हातात होती. पण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलं, की झालेल्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे सगळे म्हणतात ती ‘यूसी’, तयार व्हावी लागते. तिच्यावर वित्त विभागाची सही व्हावी लागते, ती दिल्लीला जावी लागते, मगच प्रकल्पाच्या पैशांचा पुढचा हप्ता सुटतो आणि त्यातून आमचा पगार. आमची यूसी महिनाभर एकाच टेबलावर राहिली, कारण एका बिलावरचा जीएसटी क्रमांक पुसट होता. पिंजऱ्यात अंथरायच्या भाताच्या तुसाचं बिल होतं ते.

माझ्याबरोबरचा मुलगा नांदेड जिल्ह्यातला. क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठवलेल्या मेंदूचे पातळ काप काढायच्या यंत्रावर, त्याचा हात बसलेला होता. उणे वीस अंशाला चाळीस मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाइतके पातळ काप काढायचे. पात्यावरून सुटता सुटता काप गुंडाळतो, तो बारीक ब्रशच्या टोकाने उलगडून अलगद द्रावणात सोडायचा. श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. माझे दहातले दोन-तीन अजूनही फाटतात, त्याचा एखादाच फाटायचा. हे शिकायला वर्ष जातं. कॉट बेसिसचं भाडं थकलं, मेसवाल्या काकूंची उधारी वाढली, घरी बहिणीची फी भरायची होती. चौथ्या महिन्यात तो सरांना भेटून निघाला आणि हिंजवडीत मेडिकल कोडिंगला लागला. मी टिकले, कारण आई शिवणकाम करते आणि दर महिन्याला तिने मला पैसे पाठवले. मी जास्त हुशार किंवा जास्त चिवट म्हणून नव्हे.

तो गेला तेव्हा त्याच्या हाताखालची आठ उंदरांची बॅच तिसऱ्या दिवसावर होती. मी त्याच्या जागी उभी राहिले. पाचव्या दिवशी ज्यांनी सरळ चौथऱ्याकडे जायचं, ते पुन्हा कडेने फिरू लागले. सरांनी आकडे बघितले आणि बॅच बाद केली. आपल्याकडे प्राण्यांवरच्या प्रयोगांना १९६० च्या कायद्याचं बंधन आहे. संस्थेच्या नैतिकता समितीपुढे किती प्राणी लागणार, तेवढेच का, कमी का चालणार नाहीत, हे लिहून द्यावं लागतं. ते आठ जीव वाया गेले. मला ते आजही बोचतं.

फेलोशिपचे आकडे वाढले आहेत, हे मान्य. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने जेआरएफची (ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची) दरमहा रक्कम २०१९ मध्ये २५ हजारांवरून ३१ हजार केली (त्यासाठी विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावं लागलं) आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७ हजार. पण आदेशातला आकडा खात्यात कोणत्या तारखेला पडणार, याला कोणीच बांधलेलं नाही. ज्या वित्त विभागात आमची फाइल पडून असते, तिथूनच कायम नोकरांचा पगार महिन्याच्या महिन्याला निघतो.

यावर उपाय विद्यापीठाच्याच हातात आहे. प्रत्येक प्रकल्पाबरोबर विद्यापीठाला स्वतःच्या खर्चासाठी ओव्हरहेड म्हणून वेगळी रक्कम मिळते. त्यातून मनुष्यबळाच्या हेडपुरता, म्हणजे आमच्या पगारापुरता, आगाऊ खर्च करावा, हप्ता आला की वळता करून घ्यावा. कुलगुरूंनी एक परिपत्रक काढलं तरी पुरे. आणि यूसी कोणत्या टेबलावर किती दिवस राहू शकते, याची मुदतही त्यातच लिहावी.

आमच्याकडे नवी मुलगी रुजू झाली आहे, परभणीची. तिला मी सध्या फक्त उंदीर हातात धरायला शिकवते आहे, रोज अर्धा तास. त्यांना तिचा वास ओळखीचा व्हावा म्हणून. पुढच्या सोमवारी तिची पहिली बॅच पाण्यात उतरेल. तिला येऊन अडीच महिने झाले, पहिला पगार अजून यायचा आहे.

एक रिसर्च असिस्टंट, पुणे
(कृपया नाव छापू नये.)