गीतकार कन्नदासन यांचे साहित्य मराठीत यावे

मा. संपादक,

तमिळ चित्रपटगीतांविषयी आपल्याकडे लिहिले जाते, तेव्हा संगीतकार आणि गायक यांच्यावरच भर असतो. गीतकाराचे नावही क्वचितच येते. कवियरसु (कवींचा राजा) म्हणून तमिळनाडूत गौरवले गेलेले कन्नदासन (1927–1981) त्यामुळेच मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचित राहिले आहेत, ही मला खरोखर खेदाची बाब वाटते.

कारैकुडीजवळच्या सिरुकूडलपट्टी गावात जन्मलेल्या, शालेय शिक्षण आठवीपर्यंतच झालेल्या या माणसाने हजारो चित्रपटगीते लिहिली आणि कादंबऱ्याही लिहिल्या. ‘चेरमान कादली’ या कादंबरीला 1980चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. द्रविड चळवळीत नास्तिक म्हणून वावरलेल्या कन्नदासन यांनी पुढे हिंदू धर्मावर ‘अर्थमुळ्ळ इंदु मदम्’ ही ग्रंथमाला लिहिली आणि येशूच्या जीवनावर दीर्घकाव्यही रचले. मतपरिवर्तन त्यांनी कधी लपवले नाही. ‘वनवासम्’ या आत्मचरित्रात ते स्वतःविषयीही तितक्याच परखडपणे लिहितात आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण इथेच आहे.

त्यांच्या अखेरच्या गीतांपैकी ‘कण्णे कलैमाने’ हे ‘मून्ड्राम पिरै’ या 1982च्या चित्रपटातले अंगाईगीत. स्मृती हरवून लहान मुलासारख्या झालेल्या तरुणीला नायक झोपवतो, तेव्हा कवीने कुठेही अवघड शब्द योजलेला नाही. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच शिकागो येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या रविवार पुरवणीत त्यांच्या निवडक कवितांचे मूळ तमिळमधून केलेले अनुवाद क्रमशः प्रसिद्ध करावेत, अशी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक