सोसायटीच्या आवारातले नवे काँक्रीट आणि फोन न उचलणारा ठेकेदार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाच्या दर्जावर आपल्या आणि इतर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून आले आहे. महापालिकेने त्या कामांच्या त्रयस्थ तपासणीसाठी आयआयटी मुंबईला नेमले. पण त्याच रस्त्यांना लागून असलेल्या फाटकांच्या आत, सोसायट्यांच्या आवारांत, दर उन्हाळ्यात जे काँक्रीट पडते ते कोणीच तपासत नाही. मोसमी पाऊस मुंबईत पोचण्याची सरासरी तारीख ११ जून. त्याआधी आवार उरकायचे म्हणून मे महिन्यात घाईने काम होते. आठवड्याभरात भेगा दिसतात, चपलेला पांढरी भुकटी लागते, बिलाचा मोठा हिस्सा तोवर देऊन झालेला असतो आणि ठेकेदार फोन घेईनासा होतो. कमिटी त्याचा पिच्छा पुरवण्यात जे दिवस घालवते, नेमके तेच दिवस काँक्रीटला ताकद येण्याचे असतात. ते हातचे जाऊ नयेत म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी पाणी. आयएस ४५६ : २००० या मानकानुसार साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस सतत ओले ठेवायचे असते, कोरड्या आणि उष्ण हवेत किमान १० दिवस. सिमेंटमध्ये फ्लाय अ‍ॅश (कोळशाची बारीक राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेले असेल तर किमान १० आणि शक्यतो १४ दिवस. तयार काँक्रीट, म्हणजे आरएमसी, मागवले असेल तर त्यात यांपैकी काहीतरी बहुधा असतेच, त्यामुळे १४ दिवस धरून चालावे. ठेकेदाराचा माणूस यायचा बंद झाला की त्याच दिवशी सोसायटीने पाणी हातात घ्यावे. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडणे पुरत नाही. दुपारच्या उन्हात आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात पृष्ठभाग तासाभरात सुकतो आणि वरच्या थरातली सिमेंटची प्रक्रिया अर्ध्यावर थांबते. पुढे धूळ सुटते ती याच थरातून. गोणपाट भिजवून अंथरावे, वर प्लॅस्टिकचा कागद टाकून कडांना विटा ठेवाव्यात. पाणी दिवसातून एक-दोनदाच लागते, पाणीकपातीच्या दिवसांतही हे जमते. आवाराला ढाळ असल्यामुळे कडेने बांध घालून, आळी करून पाणी साठवणे तिथे फारसे उपयोगी पडत नाही. काँक्रीटमध्ये सळई असेल तर बोअरवेलचे पाणी तपासल्याशिवाय वापरू नये. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातील क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी ती सहज ओलांडू शकते.

कमिट्यांना इथे एक भीती वाटते: आपण पाणी मारले तर जबाबदारी आपल्या गळ्यात येईल. त्यावर उपाय सोपा आहे. त्याच दिवशी ठेकेदाराला ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप करावे की अमुक तारखेपासून तुमच्याकडून क्युअरिंग (काँक्रीट ओले ठेवणे) बंद आहे, नुकसान वाढू नये म्हणून ते आम्ही तुमच्या खर्चाने करत आहोत आणि आमचे सर्व हक्क राखून ठेवत आहोत.

पहिले ७ दिवस गाड्या बाहेरच ठेवाव्यात. पाण्याचा टँकर मात्र २८ दिवस आत घेऊ नये. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसते पाणीच दहा टन असते, गाडीचे वजन वेगळे. टँकर फाटकाशी उभा करून लांब पाइपने टाकी भरावी. नव्या आवाराच्या कडा आणि चेंबरचे कोपरे बहुतेक वेळा टँकरच्या चाकाखालीच तुटतात, आणि हे वाद चिघळवणारे कारण आहे, कारण तसे झाले की ठेकेदाराला बोट दाखवायला जागा मिळते.

आता भेगा. प्रत्येक भेग म्हणजे फसवणूक नव्हे, हे ठेकेदाराच्या बाजूने आधी सांगितले पाहिजे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या, नखाला न लागणाऱ्या केसभर भेगा वरच्या थरापुरत्या असतात. दिसायला वाईट, पण त्यासाठी आवार फोडायची मागणी टिकणार नाही. रंगातले गडद-फिके डागही तसेच. ओतल्यानंतर पहिल्या काही तासांतच पडलेल्या, एकमेकींना साधारण समांतर, हात-दोन हात लांबीच्या भेगा ऊन-वाऱ्याने पाणी भराभर उडाल्याच्या असतात. भर दुपारी, आडोसा न करता काम केल्याची ती खूण. सळयांच्या बरोबर वर, जाळीच्या चौकटीप्रमाणे भेगा उमटल्या असतील तर काँक्रीट सळईभोवती खाली बसले आहे. त्यामागे व्हायब्रेटर नीट न चालवणे, पाणी जास्त असणे किंवा सळईवरचा थर कमी असणे ही कारणे असतात.

चेंबरच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी आणि आवाराच्या मधोमध आडवी जाणारी भेग ग्रूव्ह कटिंगच्या चुकीने पडते. काँक्रीट सुकताना आकसतेच. त्याने कुठे फाटावे हे आपण खाच मारून ठरवायचे असते. खाचांमधले अंतर जाडीच्या साधारण २४ ते ३० पट, म्हणजे सहा इंची थरात सुमारे साडेतीन ते साडेचार मीटर, आणि खाचेची खोली जाडीच्या पाव हिस्सा, दीड इंच. काँक्रीट कटरचे दात सोसू लागले की लगेच, उन्हाळ्यात बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी, कटिंग झाले पाहिजे. कटरवाला चौथ्या दिवशी आला आणि अर्धा इंच रेघ मारून गेला, तर तोवर भेगेने स्वतःची जागा निवडलेली असते. इमारतीच्या भिंती आणि खांबांशी सुटी पट्टी न ठेवता काँक्रीट चिकटवले असेल तर तिथूनही भेगा निघतात.

खरी काळजी करावी ती भेगेच्या दोन बाजूंची पातळी वेगळी झाली असेल तेव्हा. याचा अर्थ खालचा भराव बसतो आहे, आणि वरून काहीही भरले तरी ते थांबणार नाही. प्रत्येक मोठ्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहावी, मोजपट्टी ठेवून फोटो काढावा, दर आठवड्याला पुन्हा पाहावे. फोटो मूळ फोनमध्येच जपावेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीत छायाचित्राची मूळ नोंद राहत नाही. हातोडीने हलके ठोकत जावे, पोकळ आवाज येईल तिथे खडूने वर्तुळ काढावे. पाणी ओतून तासाभराने साचलेल्या जागाही आखाव्यात. ढाळ मीटरला एक सेंटिमीटर तरी हवा.

जाडीची चोरी कागदावर पकडता येते. २,००० चौरस फूट म्हणजे सुमारे १८६ चौरस मीटर. सहा इंच जाडीला जवळपास २८ घनमीटर काँक्रीट लागते, म्हणजे ६ घनमीटरच्या गाड्या पाच. गाड्यांसोबत येणारी चलने मिळून २१ घनमीटरच भरत असतील तर सरासरी जाडी साडेचार इंच आहे, बाकी सगळे बोलणे व्यर्थ. म्हणून चलने ठेकेदाराकडे राहू देऊ नयेत, वॉचमननेच प्रत्येक गाडीची प्रत आणि फोटो घ्यावा. चलनावर ग्रेड (काँक्रीटची ठरलेली ताकद) आणि गाडी भरल्याची वेळ असते. काँक्रीट भरल्यापासून दोन तासांत उतरले पाहिजे. घोडबंदर रोडच्या किंवा पूर्व द्रुतगती मार्गाच्या कोंडीत अडकलेली गाडी ही वेळ ओलांडते आणि मग घट्ट झालेल्या मालात पाइपने पाणी सोडले जाते. घनमीटरमागे ३२० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी असे मिश्रण असेल तर ६ घनमीटरच्या गाडीत १२० लिटर जास्त पाणी पडले की पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० वरून ०.५६ वर जाते. ताकद घटते, पाणी वर तरंगते, आणि गवंडी त्या ओलाव्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून थापी फिरवतो. पृष्ठभाग त्या दिवशी आरशासारखा दिसतो आणि पावसाळ्यानंतर पोपडे सुटतात.

चाचणीसाठी काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब, म्हणजे घनाकृती ठोकळे, ओततानाच घ्यावे लागतात. ६ ते १५ घनमीटरसाठी दोन नमुने, १६ ते ३० साठी तीन, एका नमुन्यात तीन क्यूब. ते घेतले नसतील तर चलनाचा क्रमांक देऊन आरएमसी प्लांटकडे बॅच रिपोर्ट (मिश्रणात काय किती घातले त्याची नोंद) आणि त्यांच्या क्यूबचे निकाल लेखी मागावेत. अर्थात, त्यातून प्लांटवरून काय निघाले ते कळते, वाटेत काय मिसळले ते नाही. नुसत्या रिबाउंड हॅमरच्या (पृष्ठभागावर आपटून ताकदीचा अंदाज देणाऱ्या उपकरणाच्या) आकड्यावर भांडू नये, त्यात २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकते. कमकुवत जागा शोधायला तो ठीक. निर्णय द्यायला २८ दिवसांनंतर किमान तीन कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले गोल नमुने) काढावेत. एम २५, म्हणजे २८ दिवसांनी २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचे, काँक्रीट ठरले असेल तर कोअरची सरासरी २१.२५ च्या खाली आणि एकही कोअर १८.७५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या खाली नसावा; ८५ आणि ७५ टक्क्यांची ही कसोटी आयएस ४५६ मध्येच आहे. कोअर हातात आला की जाडीही मोजून होते. माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या संस्थेकडून किंवा एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडूनच चाचणी करावी.

हे सगळे हाताशी असले की नोटीस. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह आणि ईमेलने, ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरवरील पत्त्यावर. वर्क ऑर्डरचा क्रमांक, ओतल्याची तारीख, दोषांचा नकाशा, संयुक्त पाहणीसाठी ठरावीक दिवस आणि वेळ. ७ दिवसांत तो आला नाही तर स्वतंत्र अभियंत्याकडून पंचनामा करून दुरुस्ती तुमच्या जोखमीवर आणि खर्चाने करू, असे स्पष्ट लिहावे. पंचनामा आणि कोअर होण्याआधी काहीही फोडू नये, झाकू नये. नोटीस मिळताच अचानक माणूस पाठवून सिमेंटचा घोळ फासून देणारे ठेकेदार बरेच आहेत. तो पातळ थर जुन्या पृष्ठभागाला धरत नाही आणि पुरावा मात्र झाकला जातो. त्या माणसाला नम्रपणे परत पाठवावे.

महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, जाण्याचा सल्ला अनेकजण देतात. ताब्यानंतर ५ वर्षांत निघालेल्या बांधकामदोषांची जबाबदारी रेरा कायदा विकासकावर टाकतो. सोसायटीने स्वतः नेमलेल्या ठेकेदारासाठी तो मार्ग नाही. तिथे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू पडतो. त्यात ‘व्यक्ती’च्या व्याख्येत सहकारी संस्था येते. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवावी.

यंदा ज्या सोसायट्या आवाराचे काम काढणार आहेत त्यांनी वर्क ऑर्डरमध्ये जाडी, ग्रेड, क्यूबची संख्या, ग्रूव्हचे अंतर व वेळ आणि १४ दिवसांचे क्युअरिंग शब्दांत लिहून घ्यावे. बिलाचे १० टक्के एक वर्षासाठी, म्हणजे एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत, राखून ठेवावेत. २८ दिवसांचा क्यूब रिपोर्ट हातात येईपर्यंत शेवटचे बिल पास करू नये. यातल्या एकाही अटीला चांगला ठेकेदार नाही म्हणत नाही.

आपला,
एक स्थापत्य अभियंता
मुलुंड (पूर्व), मुंबई