कार्ड निळ्या फाइलमध्येच असेल

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबांनी विचारलं, "कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' असं आलंय, बिघडलं का गं काही?" त्यांचा आवाज रात्रभर कानात होता. बाबा, बिघडलेलं काही नाही. चूक माझी आहे. भाऊबीजेला गाडीच्या घाईत कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, बदलला आणि विंडोजचं लायसन्स आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवायचं राहिलं. ते लायसन्स मुख्यतः मदरबोर्डवरून कॉम्प्युटर ओळखतं. बोर्ड नवा, म्हणून त्याला आपलं घर ओळखीचं वाटेना.

तुम्हाला न विचारता बदलला, हे लागलंय ना? पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, जुन्या बोर्डावरच्या प्रोसेसरवर विंडोज ११ चालत नव्हतं, आणि तुम्ही एफडी, लाइट बिल सगळं त्यावरच करता. मे महिन्यापर्यंत थांबायचा धीर मला झाला नाही.

आई, आजीचे फोटो जिथल्या तिथे आहेत. प्रिंटर चालेल, मराठी टायपिंग चालेल, तुझी भजनंही लागतील. फक्त वॉलपेपर, रंग बदलायची सेटिंग्ज तेवढी बंद दिसतील.

आणि बाबा, तेव्हा मी स्वस्तातलं लायसन्स घ्या म्हणून मागे लागले होते. तुम्ही हट्टाने डब्यातलं घेतलंत. स्वस्तातलं त्या जुन्या बोर्डाबरोबरच संपलं असतं. हे नव्यावर नेता येतं. तुमचंच बरोबर होतं.

निळ्या फाइलमध्ये, माझ्या प्रगतिपुस्तकांच्या मागे, त्या डब्यातलं लायसन्सचं कार्ड असेल. त्यावर पाच-पाच अक्षरांचे पाच गट आहेत. सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन, मग 'चेंज प्रॉडक्ट की'. लहानपणी तुम्ही मला शुद्धलेखन घालायचात, एकेक शब्द दोनदा, सावकाश, मी पाटावर मांडी घालून. तसंच आई वाचेल, तुम्ही टाइप करा. शून्य की ओ, असा घोळ होणार नाही, त्यात दोन्ही नसतात. बी आणि आठ मात्र चष्मा लावून बघा.

कार्डाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही. पाचशे रुपयांत करून देतो म्हणणाऱ्याला घरात घ्यायचं नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीतून बोलतोय म्हणून कुणाचा फोन आला तर लगेच ठेवून द्यायचा. कंपनी स्वतःहून असे फोन करत नाही. ओटीपी तर कुणालाच नाही, अगदी गोड बोलला तरी.

नाहीच झालं तर तसंच राहू द्या, काम अडत नाही. रविवारी दहाला मी व्हिडिओ कॉल करते, मिळून करू. तेव्हाच अकाउंटलाही जोडून टाकू, म्हणजे पुढच्या वेळी कार्ड शोधायला नको.

बाबा, रात्री अकरानंतर त्या स्क्रीनसमोर बसू नका. आई, थायरॉइडची गोळी चहाआधी.

तुमची,
चिमी