4.5 किलोच्या टाकीत 1.9 किलो गॅस, आणि वर म्हणताय "गेज फुल आहे"

प्रति,
कस्टमर केअर आणि रिफिल विभाग

विषय: टायर भरायच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) टाकीत कमी गॅस, प्रेशर टेस्टची मुदत संपलेली टाकी आणि चुकीचा ब्रॅकेट

नमस्कार,

नोव्हेंबरमध्ये तुमच्याकडून 4.5 किलोच्या टाकीचं पूर्ण किट घेतलं, टाकी, रेग्युलेटर, पाइप, गाडीत बसवायचा ब्रॅकेट सगळं. फुल टाकीत थारचे 25 टायर 15 वरून 32 पीएसआयला जातील असं तुमच्या माणसाने स्वतः सांगितलं होतं. डिसेंबरमध्ये आम्ही तीन गाड्या घेऊन जैसलमेरला गेलो, दोन थार आणि एक जिम्नी. वाळूत चालवायला टायरची हवा 15 वर उतरवली होती, पहिल्या दिवशी वाळूतून बाहेर आल्यावर बाराही टायर झकास भरले, एकेकाला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सम गावाजवळ दुसराच टायर चालू असताना प्रेशर गेजची सुई झपकन खाली आली आणि टाकी संपली. दहा टायर 15 वर, अंधार पडत आलेला, जैसलमेर 40 किलोमीटर. इतक्या कमी हवेवर डांबरी रस्त्याने गाडी पळवली तर टायरची साइडवॉल (बाजूची भिंत) तापून फाटते, म्हणून एका मित्राच्या छोट्या 12 व्होल्टच्या पंपाने भरत बसलो, तो पंप मधेच तापून बंद पडायचा, मग थांबा, परत चालू करा. बरोबर दोन लहान मुलं होती. हॉटेलवर पोचायला रात्रीचे साडेअकरा झाले.

परत आल्यावर तुमच्याकडूनच रिफिल करून घेतली आणि या वेळी घरी आणल्या आणल्या रेग्युलेटर काढून कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात वजनकाट्यावर ठेवली. टाकीच्या खांद्यावर रिकामं वजन 6.8 किलो कोरलंय, वजन भरलं 8.7. म्हणजे आत फक्त 1.9 किलो गॅस, आणि पैसे मात्र 4.5 किलोचे घेतले. फोन केला तर उत्तर काय, "सर गेज फुल दाखवतंय ना, मग टाकी फुलच आहे."

हे उत्तर चुकीचं आहे आणि गॅसचा धंदा करणाऱ्याला ते माहीत असायलाच पाहिजे. टाकीत सीओटू द्रव असतो, आणि तळाशी थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी वरचं प्रेशर फक्त तापमानावर ठरतं. 20 डिग्रीला साधारण 57 बार, 10 डिग्रीला 45 बार, मग टाकी पूर्ण भरलेली असो की अर्धी. जैसलमेरला सकाळी थंडीत सुई खाली आणि दुपारी वर दिसायची, मला तेव्हा वाटलं कुठेतरी लीक आहे. गेजवरून किती गॅस उरलाय ते कळतच नाही, ते फक्त वजनाने कळतं. भोसरीत फायर एक्स्टिंग्विशर भरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, आम्ही टाकी काट्यावर ठेवूनच भरतो, आणि मोठ्या सिलिंडरमधून पंप न लावता, छोटी टाकी गार न करता भरलं तर दोन्हीकडचं प्रेशर सारखं होतं आणि गॅस यायचा थांबतो, टाकी अर्धीसुद्धा भरत नाही. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय असं मला वाटतं.

कमी भरली तर माझे पैसे गेले, पण न मोजता कुणाची जास्त भरली गेली तर? 31 डिग्रीच्या वर सीओटू द्रव राहतच नाही, जास्त भरलेल्या टाकीचं प्रेशर भराभर चढतं. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या बंद गाडीत सेफ्टी डिस्क (प्रेशर फार वाढलं की फुटून गॅस सोडणारी चकती) फुटली तर सगळा गॅस केबिनमध्ये येणार, आणि हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, आत कुणी झोपलेलं असेल तर जीव गुदमरेल. किटवर याबद्दल एक साधा स्टिकरसुद्धा नाही.

अजून दोन गोष्टी. टाकीवर शेवटच्या टेस्टची तारीख 03-2018 आहे, पाच वर्षांनी परत टेस्ट व्हायला हवी होती, तरी तुम्ही ती नवीन म्हणून विकली आणि त्यानंतर भरलीसुद्धा. आणि ब्रॅकेट टाकी आडवी धरतो. आडव्या टाकीतून द्रवच रेग्युलेटरमध्ये जातो, आमचा रेग्युलेटर पांढरा पडून गोठला आणि पाइप काढताना मित्राच्या दोन बोटांना फोड आले.

मला टाकी बदलून टेस्टची मुदत शिल्लक असलेली द्या, दोन्ही वेळच्या भरलेल्या गॅसचे पैसे परत करा, उभा धरणारा ब्रॅकेट द्या, आणि इथून पुढे प्रत्येक रिफिलला भरण्याआधीचं आणि नंतरचं वजन पावतीवर लिहा. ज्यांनी ज्यांनी हे किट घेतलंय त्या सगळ्यांना फोन करून टाकी उभी ठेवायला आणि टेस्टची तारीख बघायला सांगा, हे मला पैशांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. वजनकाट्याचे, टाकीवरच्या आकड्यांचे फोटो आणि बिल जोडलंय. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करणार आहे.

टाकी सध्या बाल्कनीत सावलीत उभी बांधून ठेवली आहे, तुमचा माणूस पाठवा आणि त्याच्याबरोबर वजनकाटा पाठवा, माझ्यासमोर मोजू.

आपला,
एक थारवाला ग्राहक, पुणे