विषय : बेल्टचं बकल दाराच्या बाजूला आणणारं तुमचं सीट ब्रॅकेट, आणि कालचा फोन

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

काल दुपारी 4 वाजून 10 मिनिटांनी तुमच्या तांत्रिक विभागाशी माझं शेवटचं बोलणं झालं. आता मी फोन करणार नाही, लेखी देतोय. 41 मिनिटांच्या त्या कॉलपैकी 26 मिनिटं मला होल्डवर ठेवलं होतं. उरलेल्या 15 मिनिटांत जे ऐकलं, ते तुमच्यापर्यंत जसंच्या तसं पोचावं म्हणून हे पत्र.

फिक्स्ड-बॅक बकेट सीट (अंगाला दोन्ही बाजूंनी धरणारी, पाठ न झुकणारी), ती मागेपुढे सरकवणारा स्लायडर आणि सीट गाडीच्या तळाला जोडणाऱ्या साइड माउंट ब्रॅकेटची जोडी असा सेट मी तुमच्याकडून घेतला. ऑर्डरमध्ये गाडीचं मॉडेल आणि साल आहे, आणि ‘राइट हँड ड्राइव्ह, ड्रायव्हर साइड’ हे शब्दही आहेत. पैसे भरण्याआधी मी फोन करून हेच पुन्हा विचारलं होतं. ‘हो सर, खास तुमच्या गाडीचंच आहे,’ असं उत्तर मिळालं.

आलं ते डाव्या सीटचं. बकल बसवायची पट्टी ब्रॅकेटच्या उजव्या बाजूला आहे. परदेशी, डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत ड्रायव्हरच्या उजवीकडे टनेल, म्हणजे गाडीच्या मधला उंचवटा असतो, तिथे हे बरोबर. आपल्याकडे ड्रायव्हरच्या उजवीकडे दार असतं. पट्टा दाराकडच्या खांबातून येणार आणि बकलही दाराकडेच, मग पट्टा अंगावरून जाणार कुठून? कंपनीचं मूळ बकल मूळ सीटच्या सांगाड्याला असतं. सीट काढली की तेही सीटबरोबर बाहेर येतं, आणि त्याला नवी जागा देणं हे तुमच्या ब्रॅकेटचं काम. हे तुम्हाला मी सांगायला नको होतं.

ही सीट मी शोभेसाठी घेतलेली नाही. गेल्या हिवाळ्यात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, गाडी नेली होती. 5.125 किलोमीटरचा तो ट्रॅक. त्यातलं दहाव्या-अकराव्या नंबरचं लांबलचक उजवं वळण संपता संपत नाही. मूळ सीटच्या गुळगुळीत चामड्यावरून मी डावीकडे घसरत होतो आणि डावा गुडघा कन्सोलला रेटून स्वतःला धरून ठेवत होतो. संध्याकाळी गुडघ्याच्या बाजूला रुपयाएवढा निळा डाग पडला होता. ज्या हातांनी गाडी वळवायची, त्याच हातांनी मी स्टिअरिंगला लटकलो होतो. माणूस सीटमध्ये घट्ट बसला तरच गाडी काय सांगते ते त्याला कळतं, हे त्या दिवशी मला पटलं. परत आल्यावर पैसे साठवून तुमचा सेट मागवला.

रविवारी सकाळी कामाला लागलो. बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, 10 मिनिटं थांबलो, मग सीटखालचा एअरबॅगचा पिवळा प्लग सोडवला. मूळ सीटच्या कुशीत साइड एअरबॅग आहे आणि नवी सीट बसवली की तो राहणार नाही, हे समजून-उमजून मी निर्णय घेतला होता. म्हणूनच माझ्या लेखी बेल्टचं महत्त्व दुप्पट आहे. चारही बोल्ट निघाले, सीट दोघांनी उचलून बाहेर काढली. तुमचं ब्रॅकेट गाडीच्या तळावर ठेवून त्यावर नवी सीट टेकवली, आत बसलो, पट्टा ओढला आणि डाव्या हाताने बकल शोधलं. हाताला नुसता गालिचा लागला.

त्या रविवारपासून आज 23 दिवस गाडी एका सीटवर उभी आहे. मूळ सीट आमच्या लोकमान्य नगरच्या घरात पुढच्या खोलीत आहे, आईने तिच्यावर जुनी चादर घातली आहे. या 23 दिवसांत मी 6 फोन केले, फोटो 3 वेळा पाठवले. दर वेळी ‘तिकीट रेज झालंय’ एवढंच.

आता कालचा फोन.

मी मराठीत सुरुवात केली. तुम्ही पुण्याचे, याआधीची सगळी बोलणी मराठीत झालेली. तांत्रिक विभागाच्या साहेबांनी गाव विचारलं, मी इंदूर म्हटलं, आणि ते तिथल्या तिथे हिंदीवर गेले. मी मराठीतच बोलत राहिलो, ते हिंदीतच. होळकरांच्या काळापासून आमच्या घरात मराठी बोलली जाते. समोरचा माणूस कुठल्या भाषेत बोलतोय हेसुद्धा ज्यांनी ऐकलं नाही, ते माझी तक्रार काय ऐकणार?

पहिलं उत्तर आलं, ब्रॅकेट युनिव्हर्सल आहे. मी म्हटलं, तुमच्या पानावर माझ्या गाडीचं नाव घालून विकलंय. मग म्हणाले, उलटं करून लावा. मी सांगितलं, माझ्या गाडीत ते उलटं केलं तर सीट कलते. लावून बघितलंय, फोटो पाठवलाय. मग म्हणाले, पॅसेंजर साइडला लावा. म्हणजे सोबत्याने घट्ट बसावं आणि गाडी चालवणाऱ्याने घसरत राहावं?

मी विचारलं, बेल्टचं काय करू तेवढं सांगा. तेव्हा त्यांचे शब्द होते, ‘सर, इंदौर में इतना बेल्ट कौन लगाता है? क्लिप लगा लीजिए, बीप बंद हो जाएगी.’

मला वाटलं चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी थोडं हसून. मागे आणखी कोणीतरी हसलं.

साहेब, बेल्ट न लावता बकलमध्ये नुसती अडकवून बीप बंद करायच्या ज्या क्लिपा तुमचा माणूस मला लावायला सांगतोय, त्या विकणाऱ्या 5 ऑनलाइन कंपन्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये आदेश काढले आणि 13,118 जाहिराती उतरवल्या गेल्या. बेल्ट न लावल्याचा दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-बी खाली 1,000 रुपये आहे, आणि तो इंदूरलाही लागतो. आमच्या शहरापासून तासाभराच्या आत पिथमपूरला 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड टेस्ट ट्रॅक आहे, देशभरातल्या गाड्या तिथे तपासायला येतात. इंदूरची माणसं गाडी आणि बेल्ट दोन्ही ओळखतात. सुरक्षिततेच्या नावावर सीट विकायची आणि ग्राहकाला बेल्टशिवाय बसायला सांगायचं, याची तुम्हाला लाज वाटायला हवी.

फोन ठेवण्याआधी त्यांनी आणखी एक सल्ला दिला, ‘लोकल वेल्डर से नट लगवा लो.’ माझं सांवेर रोडवर फॅब्रिकेशनचं युनिट आहे. 19 वर्षं वेल्डिंग हेच माझं पोट आहे, आणि म्हणूनच तो नट मी लावणार नाही. बेल्टच्या अँकरेजची, म्हणजे बेल्ट गाडीला जिथे बोल्टने धरलेला असतो त्या जागांची, चाचणी होते तेव्हा खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्याला एकाच वेळी प्रत्येकी साधारण 1,350 किलोची ओढ देतात. कुठल्या प्रतीचा आहे हे माहीत नसलेल्या पत्र्यावर टाके मारून लावलेला नट त्या ओढीला नुसता सुटत नाही, आजूबाजूचा पत्रा फाडून घेऊन जातो. आणि नट कुठला? तुम्ही पाकिटात एम-10 चे, म्हणजे 10 मिलिमीटरचे नट-बोल्ट टाकलेत. माझ्या बकलचा बोल्ट साडेतीन सुताचा, म्हणजे 7/16 इंची, यूएनएफ म्हणजे बारीक आट्यांचा, इंचाला 20 आट्यांचा आहे. जगातल्या बहुतेक बेल्टचा असाच असतो. ब्रॅकेट बनवणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याने ब्रॅकेट बनवू नये.

मग मी पत्राही मोजला. जाहिरातीत 3 मिलिमीटर लिहिलंय. मोटर रेसिंगची जागतिक संघटना एफआयए, तिच्या नियमांतही पोलादी ब्रॅकेटला किमान 3 आणि बोल्टला किमान 8 मिलिमीटर लागतात. जाडी मोजायचा व्हर्नियर 3 ठिकाणी लावला, काळा रंग खरवडून. 2.4, 2.4, 2.3. फोटो जोडला आहे. बकल चुकीच्या बाजूला आलं ही पॅकिंगची चूक म्हणून मी सोडलीही असती. पत्रा पातळ निघतो तेव्हा चूक पॅकिंगची नसते.

सीटबद्दल माझी काही तक्रार नाही. शेल चांगलं आहे, शिवण सरळ आहे, लेबल खरं आहे. याचंच जास्त वाईट वाटतं. 8 वर्षांपूर्वी स्टिअरिंग व्हील आणि हातमोजे तुमच्याकडूनच घेतले, ते आजही वापरतो. माझ्या सांगण्यावरून इथल्या 3 मुलांनी तुमच्याकडून सीट घेतल्या. काल रात्री त्या तिघांना मी फोन केला, बकल कुठल्या बाजूला आहे ते बघायला सांगितलं. त्यांतल्या एकाच्या गाडीत ते दाराकडे आहे. तो 2 महिने खांद्यावरचा पट्टा मागे टाकून, क्लिप लावून गाडी चालवतोय, कारण त्यालाही तुमच्या माणसाने तेच सांगितलं होतं. तो मुलगा 22 वर्षांचा आहे. त्याच्या आईला मी काय सांगू?

मला उजव्या स्टिअरिंगच्या ड्रायव्हर साइडचं, खरोखर 3 मिलिमीटर पत्र्याचं, यूएनएफ आट्याचं ब्रॅकेट 10 दिवसांत इथे पोचतं करा. जमत नसेल तर पूर्ण सेटचे पैसे परत द्या आणि माल तुमच्या खर्चाने उचला. त्या मुलालाही तेच ब्रॅकेट द्या. ज्या ज्या ग्राहकांना हे ब्रॅकेट गेलंय त्यांना लेखी कळवा, आणि ते कळवल्याची प्रत मला पाठवा. ही शेवटची गोष्ट झाली नाही तर माझे पैसे परत आले तरी मी गप्प बसणार नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पुण्याला यायची मला गरज नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आज सकाळीच केली आहे. कालच्या कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, ते पुसू नका, माझ्याकडेही आहे.

क्लिपचा सल्ला देणाऱ्या त्या साहेबांना नोकरीवरून काढा असं मी म्हणत नाही. त्यांना एकदा बकलशिवाय बकेट सीटमध्ये बसवा आणि 40 च्या वेगात ब्रेक मारा.

ऑर्डरवर माझं नाव आणि नंबर आहे. उत्तर लेखी द्या, आणि मराठीत.

एक ग्राहक,
लोकमान्य नगर, इंदूर

सोबत : ऑर्डरची प्रत, ब्रॅकेटचे 4 फोटो, व्हर्नियरचे 3 फोटो, 6 कॉलच्या तारखा आणि वेळा